भुसावळ यार्ड राहू द्या, पीजे मांडा

प्रश्न : मी पाचोऱ्यात राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो. वडील रेल्वेत होते, लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. गच्चीवर पत्र्याची दहा बाय दहाची खोली रिकामी पडली आहे. तिथे भुसावळ यार्डाचं चालतं मॉडेल करायचं फार दिवसांपासून मनात आहे : आठ-दहा लाइनी, डब्ल्यूएपी-४ इंजिन, २४ डब्यांची गाडी, लागणारे-पडणारे सिग्नल. पंधरा हजार बाजूला काढलेत, पुढे महिन्याला हजारभर निघतील. पण व्हिडिओ बघून हिशेब मांडला की आकडा लाखाच्या वर जातो. मुलगी सातवीत आहे, तिला माझ्यापेक्षा जास्त घाई. आई म्हणते, "हाई काय पोरखेय मांडेल शे?" एवढ्या पैशात मजा येईल असं काही होईल, की नाद सोडू? आणि आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, तेही लक्षात घ्या.
— रुळावरून घसरलेला, पाचोरा

उत्तर :

सर, नाद सोडू नका. यार्ड सोडा.

आधी त्या यार्डाचा हिशेब करून टाकू, म्हणजे ते डोक्यातून उतरेल. मॉडेलवाले बहुतेक एचओ मापात काम करतात, म्हणजे खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकं. एलएचबीचा, म्हणजे नव्या जातीचा, साडेतेवीस मीटरचा डबा या मापात २७ सेंटिमीटरचा होतो. असे २४ जोडले की गाडी झाली साडेसहा मीटर, म्हणजे एकवीस फूट. खोली तुमची दहा फुटांची. इंजिन भिंतीला टेकेल तेव्हा गार्डाचा डबा जिन्यात असेल. त्यात आठ-दहा लाइनी म्हटल्या की पंधरा-वीस सांधे (एका लाइनीतून दुसरी फुटते ती जागा) आले, आणि सांधा ही या छंदातली महागडी आणि सगळ्यात कटकटीची वस्तू. गाडी रुळावरून उतरते ती सांध्यावर, करंट तुटतो तोही सांध्यावर. तुमचा लाखाचा आकडा चुकलेला नाही. फक्त तो लाख खर्चूनही तुम्हाला रविवारी दुपारी गाडी चालवायला मिळेल याची खात्री नाही, कारण रविवार सगळे सांधे दुरुस्त करण्यात जातील.

तुमच्या पत्रात एका गाडीचं नाव नाही याचं मला नवल वाटलं. पाचोऱ्यात राहता आणि पीजे आठवली नाही? पाचोरा-जामनेर, ५६ किलोमीटर, अडीच फुटी रूळ, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत निवांत जाणारी चार-पाच डब्यांची गाडी. शंभरी गाठली आणि २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता त्या मार्गावर ब्रॉडगेज यायचं आहे. पंधरा हजारांत बसेल, दहा बाय दहाच्या खोलीत मावेल आणि तुमच्या मुलीच्या हाताला झेपेल अशी गाडी हीच.

मापातही ती गंमतशीर बसते. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा : पावणेनऊ मिलिमीटर. बाजारात एन गेज नावाचा छोटा रूळ मिळतो, त्याची रुंदी ९ मिलिमीटर. पाव मिलिमीटरचा फरक, तो कुणाच्या डोळ्याला दिसणार? उलट आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिचा एचओ रूळ एकोणीस मिलिमीटरच्या वर हवा, पण मिळतो तो साडेसोळाचा, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या परदेशी रुळावरून काढलेला. म्हणजे हजारो रुपये घालून केलेली भुसावळची मेन लाइन पावणेतीन मिलिमीटरने अरुंद, आणि पीजे जवळजवळ अचूक. एचओ मापाची घरं-माणसं आणि एन गेजचा रूळ या जोडीला युरोपात एचओई म्हणतात. सामान शोधताना हा शब्द टाका.

आता पैसे. या छंदात एक भेद मनाशी पक्का ठेवा : जे फिरतं आणि ज्यातून करंट जातो, ते चांगलं आणि नवं घ्यायचं. जे नुसतं दिसतं, ते घरातून, शेतातून, वखारीतून आणायचं. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. तयार झाडं, तयार घरं, तयार माणसं घेतात आणि इंजिनावर हात आखडतात. मग सुंदर देखाव्यात गाडी अडखळत चालते आणि महिन्याभरात सगळ्यावर चादर पडते.

तुमच्या पंधरा हजारांतले पाच इंजिनाला आणि डब्यांच्या धातूच्या चाकांना ठेवा, पाच रूळ आणि सांध्यांना, दीड-दोन वायरिंग आणि हत्यारांना, हजार-बाराशे फळीला. बाकीचे हातात राहू द्या. परदेशातून काही मागवलं तर टपाल आणि कस्टम ड्युटी मिळून दणका बसतो. पीजेचं इंजिन दुकानात तयार मिळेल अशी आशा धरू नका. काटो या जपानी कंपनीची एन गेजची छोटी मोटर लावलेली चासी घ्या आणि वरचं शरीर घरी करा. झेडडीएम जातीचं डिझेल म्हणजे तसं पाहिलं तर एक खोकंच आहे. जाड कार्डशीटवर मुलीकडून आखून घ्या, कापा, चिकटवा, रंगवा. चाकांची संख्या हुबेहूब जुळणार नाही. जुळली नाही तरी पाचोऱ्यातला माणूस "अरे, पीजे!" म्हणणार आहे, एवढं बास.

डबेही पुठ्ठ्याचेच करा, पण त्यांना वजन द्या. पुठ्ठ्याचा हलका डबा वळणावर आत ओढला जातो आणि पडतो. आतून तळाला नट-वायसर चिकटवून आठ-नऊ सेंटिमीटरचा डबा पंचवीस-तीस ग्रॅमपर्यंत न्या. सोनाराचा काटा लागत नाही, किचनमधला चालतो. कपलिंग सगळ्या डब्यांना एकाच जातीचं ठेवा.

आणि आता मजेचा मुद्दा, कारण तुम्ही विचारलंय तेच. गोल रुळावर गाडी फिरवण्याची मजा साधारण वीस मिनिटं टिकते. मुलगी पहिल्या दिवशी टाळ्या वाजवेल, तिसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन बसेल. मजा टिकते ती गाडीला काम दिल्यावर. तुमचे वडील रेल्वेत होते, तेव्हा शंटिंग म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. ॲलन राइट नावाच्या इंग्रज मॉडेलवाल्याने शंटिंगचा एक खेळ बसवला, इंगलनूक म्हणतात त्याला. त्यात सांधे फक्त दोन. तीन साइडिंग, म्हणजे बाजूच्या लाइनी : एकीत पाच वॅगन मावतात, उरलेल्या दोघींत तीन-तीन. इंजिनाकडच्या टोकाला, म्हणजे शंटिंग नेकला, इंजिन आणि तीन वॅगन एवढीच जागा. वॅगन एकूण आठ. आठ चिठ्ठ्या करायच्या, त्यातल्या पाच उचलायच्या आणि निघाल्या त्या क्रमाने पाच वॅगन लांबच्या साइडिंगमध्ये लावायच्या. ऐकायला सोपं आहे. पण आठातून पाच निवडून क्रमाने लावायच्या तऱ्हा होतात ६,७२०, आणि नेक आखूड असल्यामुळे प्रत्येक वेळी कुठली तरी वॅगन नको तिथे अडकते. दोघांनी खेळायचं : एक ड्रायव्हर, एक सांधेवाला. सांधेवाल्याने हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय ड्रायव्हरने हलायचं नाही. घड्याळ लावा. मुलगी तुम्हाला हरवणार, ही तयारी ठेवा.

तेव्हा पहिल्या टप्प्यात गोल लाइन करूच नका. एक फूट रुंद, चार फूट लांब फळी घ्या आणि त्यावर हा खेळ मांडा. नऊ मिलिमीटरच्या रुळावर तो तेवढ्यात आरामात बसतो. एका बाजूला जिनिंगचं आवार दाखवा, दुसऱ्या बाजूला मालधक्का. चिठ्ठ्यांवर नुसते आकडे न लिहिता "जामनेरच्या गाठी", "शेंदुर्णीचं भुईमूग", "पहूरला रिकामी परत" असं लिहा. पीजेवर असा माल कधी गेला की नाही हा वाद तुमच्या फळीवर घालायला कुणी येत नाही. कापसाची गाठ या मापात दीडेक सेंटिमीटरची होते. पांढऱ्या चिंधीत फोमचा तुकडा बांधून वर दोरा आवळला की झाली. दिवाळीपर्यंत हा टप्पा पुरा होईल.

दुसरा टप्पा पुढच्या वर्षी. तेव्हा एक जुना फ्लश डोअर गाठा. अडीच बाय साडेसहा फुटांचा दरवाजा म्हणजे तयार फळी : सपाट, हलका, मजबूत. बाथरूमचा घेऊ नका, तो खालून फुगलेला असतो. त्यावर पंचवीस सेंटिमीटर त्रिज्येचा लांबट गोल, पुढच्या बाजूला स्टेशन आणि एक लूप, आणि पहिली फळी शेजारी जोडून टाका. मध्ये आडवी टेकडी किंवा नुसता रंगवलेला पुठ्ठा उभा करा, म्हणजे गाडी पलीकडे गेली की दिसेनाशी होईल. पलीकडे ती पाच मिनिटं उभी राहू द्या. पाचोऱ्याहून सुटलेली गाडी जामनेरला लगेच कशी पोचेल? एकच सावधगिरी : रूळ वळवून त्याच रुळाला उलट आणून जोडायचा मोह टाळा. डीसीवर दोन रुळांची ध्रुवता तिथे समोरासमोर भिडते आणि शॉर्टसर्किट होतं.

वायरिंगबद्दल तुम्हाला फार सांगत नाही. एकच इंजिन आहे, तेव्हा डीसीसी वगैरे डिजिटल प्रकरण लागत नाही. पंधरा व्होल्टचा तयार, बंद अडॅप्टर, व्होल्टेज कमी-जास्त करणारा एक एलएम३१७ आयसी हीटसिंकसकट, २४० ओमचा रेझिस्टर, अडीच किलोओमचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर), आणि दिशा बदलायला मधे बंद होणारा डीपीडीटी स्विच. दहावीच्या पोरांकडून प्रकल्प म्हणून करून घ्या. बाजारात स्वस्त पीडब्ल्यूएम (करंट झपाट्याने चालू-बंद करणारे) कंट्रोलर मिळतात, पण आजच्या बऱ्याच छोट्या इंजिनांत कोअरलेस मोटर असते आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या पीडब्ल्यूएमवर ती तापते. रुळांच्या जोडपट्ट्यांवर करंटसाठी विसंबू नका. फळीखालून घरवायरिंगच्या दोन वायरी लांबवर फिरवा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यातून बारीक वायर सोल्डर करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि याच कामाने गाडी चालते. २३० व्होल्टचं काहीही फळीजवळ उघडं नको, मुलगी तिथे असणार आहे.

आता देखावा, आणि इथे खान्देशात राहण्याचा फायदा घ्या. पुण्या-मुंबईचे लोक पाकिटातून झाडं विकत आणतात. तुमच्याकडे वेचणी झाल्यावर शेताच्या बांधावर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, ढीग पडलेले असतात. पऱ्हाटीच्या शेंड्याची बारीक फांदी हातात धरून बघा : खोड, फांद्या, उपफांद्या, सगळं निंबाच्या झाडासारखं, फक्त पाच-सहा इंचात. तिला फेव्हिकॉल लावा आणि गादीवाल्याकडच्या फोमचा हिरवा रंगवलेला चुरा त्यावर भुरभुरा. फोम जुन्या मिक्सरमध्ये थोड्या पाण्याबरोबर फिरवला की चुरा होतो. जुन्या, असं मी मुद्दाम लिहितोय. चालू मिक्सर वापरलात तर आईंचं मत कायमचं विरोधात जाईल.

केळीशिवाय आपल्या भागाचा देखावा पुरा होत नाही. तीन मीटरची केळ या मापात साडेतीन सेंटिमीटरची. हिरव्या कागदाची लांबट पानं कापा, मधोमध बोथट टोकाने शीर दाबा म्हणजे पान आपोआप वाकतं, आणि कडांना कात्रीने तिरके काप द्या. वाऱ्याने फाटलेलं पान तसंच दिसतं. सात-आठ पानं तारेला गुंडाळली की एक झाड. एक-दोन पिवळी, खाली लोंबणारी पानंही लावा. ती नसली तर बाग प्लास्टिकची वाटते. शंभर झाडं लागतील, आणि हे काम आई, मुलगी, शेजारची पोरं असं गप्पा मारत होतं. घरं धाब्याची करा. चपटं छप्पर असल्यामुळे पुठ्ठ्यात ती सगळ्यात सोपी, आणि वर लावायला घरामागची चाळलेली माती. खरी माती रंगापेक्षा खरी दिसते, फक्त काळी जमीन असेल तर थोडी पिवळी मिसळा. खोलीतल्या उजेडात काळी फार काळी दिसते.

रुळाखालच्या खडीला क्रशरवरची बारीक भुकटी आणा. ती आपल्याच काळ्या दगडाची असते, त्यामुळे रंग बरोबर येतो. चहाच्या गाळणीने चाळून पाऊण मिलिमीटरच्या आसपासची ठेवा, बारीक धूळ फेकून द्या. मग एक काम न चुकता करा : प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून त्या भुकटीतून पाच-सहा वेळा फिरवा. काळ्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. ते कण चुंबकाला मिशीसारखे चिकटून येतील. तसेच राहिले तर इंजिन चालताना मोटरच्या चुंबकाकडे ओढले जातात आणि गिअरमध्ये शिरतात. पाच हजारांचं इंजिन चिमूटभर भुकटीने जातं. निवडलेली खडी रुळात पसरा, सांध्याच्या हलत्या पात्यांपासून दूर. आधी पाण्याची फवारणी, मग एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, आणि ड्रॉपरने थेंब थेंब सोडा. साबणाशिवाय थेंब खडीवर गोळा होऊन बसतो, आत उतरत नाही. टेकडीला थर्माकोल वापरलात तर त्यालाही फेव्हिकॉलच. बुटाला लावतात तो वासाचा गोंद थर्माकोल खाऊन टाकतो.

पत्र्याच्या खोलीबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच पारा पंचेचाळीसला जातो, पत्र्याखाली काय होत असेल ते तुम्ही जाणता. हॉट ग्लूने चिकटवलेलं तिथे ढिलं पडतं, पातळ प्लास्टिक वाकतं, आणि दोन रुळांत फट ठेवली नसेल तर रूळ उठतात. एक मीटर रूळ तीस अंशांच्या फरकाने अर्धा मिलिमीटर वाढतो. थंडीत रूळ टाकत असाल तर जोडाला तेवढी फट ठेवा. त्याहून बरं म्हणजे फळी खालीच ठेवा, दिवाणाखाली. चार फुटांची फळी घ्यायला मी सांगतोय त्याचं अर्धं कारण हे आहे. दुसरा शत्रू धूळ, आणि कापसाच्या दिवसांत उडणारे तंतू. ते चाकांच्या आसाभोवती गुंडाळतात. चिमट्याने काढा. रूळ पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ फडकं. सॅंडपेपर लावू नका, त्याच्या ओरखड्यांत मळ जास्त बसतो. झाकायला सुती चादर नको, प्लास्टिकची शीट घ्या.

सुट्टीत पुण्याला जाणं झालं तर कोथरूडमधलं जोशींचं लघु रेल्वे संग्रहालय मुलीला दाखवा. ते १९९८ साली सुरू झालं आणि मोठं मॉडेल प्रत्यक्ष चालताना बघायचं तर तिथे. बाहेर पडताना यार्डाचं स्वप्न पुन्हा डोकं वर काढेल, त्याला पाचोरा येईपर्यंत झोपवा. त्याआधी जवळचं काम : पहूर, शेंदुर्णीकडे जाऊन पीजेचं जे काही उरलं असेल, फलाट, फलक, एखादी खोली, त्याचे फोटो काढा. फोटोत मुलीला शेजारी उभी करा. तिची उंची ठाऊक आहे म्हणजे इमारतीचं माप घरी बसून काढता येईल. काम चालू असलेल्या जागी विचारल्याशिवाय आत जाऊ नका. पिवळ्या फलकावरची अक्षरं नीट टिपून घ्या, सगळी ओळख त्या फलकात असते.

आईंना समजावायला जाऊ नका. पहिल्या चिठ्ठ्या त्यांच्या हातून काढून घ्या.

राहिला लाइटचा प्रश्न. जुन्या यूपीएसमधली बारा व्होल्ट, सात ॲम्पिअर-अवरची बॅटरी चांगल्या अवस्थेत असेल तर तीच अडॅप्टरच्या जागी जोडा. एलएम३१७ दोनेक व्होल्ट खातो, त्यामुळे रुळावर दहाच्या आसपास येतील आणि गाडी जरा हळू चालेल, पण पीजेला वेगाची घाई कधी होती? एवढं छोटं इंजिन त्या बॅटरीवर सगळी संध्याकाळ चालतं. फक्त बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला लागूनच एक ॲम्पिअरचा फ्यूज टाका. शॉर्ट झालं तर ती बॅटरी पातळ वायर लालबुंद करते, आणि खाली फळी लाकडाची आहे.